चौथ्या दिवसाची बशी

गेमसिंग,

पंधरवड्यापूर्वी दिग्रसला तुझ्यासाठी सभा झाली. कापसाच्या जिनिंगच्या आवारात, टिनाच्या शेडखाली, खुर्च्या मांडून. तुझ्यासाठी खुर्च्या! जिवंतपणी त्या मळ्यावर तुला बसायला एक स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड, आणि तू त्याखाली विटेचा तुकडा घालून चार वर्षं काढलीस.

एक वक्ते उठले आणि म्हणाले, "गेमसिंग नावाचं बी आज मातीत पडलं आहे. उद्या त्यातून..." मी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. उभा राहून म्हणालो, "तो बी नव्हता. तो बी तपासायचा. बसा खाली." दामूभाऊंनी सदरा धरून मला ओढलं. दामूभाऊ म्हणजे आमच्या चळवळीचे म्होरके. तू त्यांना दोनदाच भेटलास आणि दोन्ही वेळा मला म्हणालास, "मानूस चांगला हाय, पन आयकत नाई."

तुमच्या लोकांत बिनलग्नाच्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. तुझी माती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

नाही. खोटं. मी तांड्यावर पोचलो तेव्हा माती लोटून झाली होती, वर दगड रचून झाले होते, आणि माणसं नाल्यावर हातपाय धूत होती. बघ, अजून माझी सवय जात नाही. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहायची. आज त्या सवयीबद्दलच लिहायला बसलोय. तिनं तुझं काय केलं ते दोघांना नीट ठाऊक होतं, तुला आणि मला. तू तर तोंड मिटून गेलास. आता मी बोलत राहिलो नाही तर तुझ्या तांड्यात तुझं नाव कायमचं तसंच राहील: गेमसिंग, ज्यानं घरच्यांना चांगलं बी दिलं आणि गावाला सडकं.

हे होऊ द्यायचं नाही, म्हणून हे लिहिणं. तुझे गुण गायला नाही. ते काम शेडखाली झालं.

आपण शाळेत होतो तेव्हाचं आठवतं? राज्य बदललं आणि गुरुजींनी भिंतीवरचा जुना नकाशा उतरवून गुंडाळून ठेवला, नवा टांगला. तू हात वर केलास. "गुरुजी, आमचा तांडा जुन्या नकाशात होता का?" वर्ग हसला. गुरुजींना वाटलं पोरगं टोमणा मारतंय. तुला बाकावर उभं केलं. तुला खरंच माहिती हवी होती. उभ्या उभ्या तू नव्या नकाशात शोधत राहिलास, घंटा होईपर्यंत. खाली उतरल्यावर मला हळूच म्हणालास, "नव्यातबी नाई."

माझा प्रत्येक प्रश्न टोमणा असायचा आणि तुझा एकही नसायचा. एवढाच आपल्यातला फरक, आणि तो शेवटपर्यंत राहिला. मी पत्रकं लिहायला लागलो. तू शेतकी शाळेत गेलास आणि घाटंजीच्या बाजूच्या सरकारी मळ्यावर चिकटलास.

तुझी ती खोली! अवजारांच्या खोलीला पार्टिशन घालून केलेली. एक खिडकी, एक टेबल, आणि टेबलावर ती दुर्बीण. सूक्ष्मदर्शक म्हणायला मी शिकलो नाही, तूही तिला दुर्बीणच म्हणायचास. बाकी सगळीकडे बशा. काचेच्या डझनभर सरकारनं दिलेल्या, आणि उरलेल्या तू हॉटेलवाल्याकडून मागून आणलेल्या चहाच्या, कडा उडालेल्या. एका बशीत ओला टीपकागद, त्यावर तुरीचे दहा दाणे, कडेनं नऊ आणि मधात एक. वर दुसरी बशी उपडी. एका पोत्यासाठी चारशे दाणे. सात दिवस ठेवायचं, रोज पाणी पाहायचं, सातव्या दिवशी एकेक दाणा दुर्बिणीखाली धरायचा आणि त्यावर काय उगवलं ते वहीत लिहायचं.

पहिल्यांदा आलो तेव्हा मी म्हणालो होतो, "तूर पेरायची सोडून बशीत कायले घालतो बे?"

"बी बिमार हाय का ते पाह्यतो."

"दाणा तर चांगला टवटवीत दिसते."

"तूबी टवटवीत दिसतं," तू म्हणालास, "आतमंदी काय हाय कोनाले मालूम?"

मग तू मला स्टुलावर बसवलंस आणि डोळा लावायला लावलंस. मी आत पाहिलं. खरं सांगतो, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि हे माझ्या बाबतीत किती वेळा झालं ते तुला माहीत आहे. काळ्या टाचण्यांचं रान उभं होतं. एकेका दांडीवर एकेक गोल डोकं. तू मागून सांगत होतास: ही काळी टाचणी, ही साठवणुकीतली, वरवरची, हिरव्या भुकटीसारखी दिसते ती दुसरी, हे राखाडी जाळं, हे तर ओलाव्यात कुठंही धरते, शिळ्या भाकरीवर पाह्य. आणि मग वेगळ्या बशीतला एक दाणा चिमट्यानं उचलून आणलास. त्याच्या डोळ्यातून, जिथून कोंब निघतो तिथून, बारीक पांढरा कापूस निघाला होता, किंचित गुलाबी.

"हा खरा चोर," तू म्हणालास. "हा आतमंदी बसते. झाड फुलावर आलं का मारते. खोड चिरून पाह्य तू कधी, आतून काळी रेघ असते."

शेतात आपण त्याला मर म्हणतो. हिरवंगार तुरीचं झाड आठ दिवसांत वाळून उभं राहतं, आणि माणसं म्हणतात कोणाची तरी नजर लागली. तू त्या नजरेला बशीत पकडलं होतंस. मला तुझा हेवा वाटला. तो मी तुला कधी सांगितला नाही. उलट म्हणालो, "लोकं उपाशी मरून राह्यले आणि तू बुरशी मोजत बस."

"बस बे छापखाना," तू म्हणालास. त्या दिवसापासून माझं नाव छापखाना पडलं. काय छापखाना, आज कोनाले जाळून राह्यला? छापखाना, चहा पितं का नुसता जहर? आता मला त्या नावानं हाक मारणारं कोणी नाही. दामूभाऊ मला 'कार्यकर्ते' म्हणतात.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो. टाळून चालणार नाही.

पेरणीच्या आधी मळ्यावरून तुरीचं बी वाटलं जायचं होतं. ते बी गोळा केलेलं होतं आपल्याच गावांतून, तांड्यांतून. बाया घरात तूर ठेवताना तिला काव लावतात. लाल माती पाण्यात कालवून दाण्याला चोळायची, वाळवायची, मडक्यात भरायची. भुंगा लागत नाही. तुझी याडी, तुझी आईही, असंच करते. त्या मातीखालचा दाणा कसा राहतो हे तुला पाहायचं होतं, म्हणून प्रत्येक पोत्यातल्या दाण्यांचे तू दोन भाग केलेस. अर्धे तसेच, मातीसकट. अर्धे ब्लीचिंगच्या पाण्यात दोन मिनिटं धुऊन, म्हणजे वरची बुरशी जाते आणि आत बसलेली तेवढी उगवते. धुतलेल्यांच्या बशीवर निळ्या पेन्सिलीची खूण, बाकीच्यांवर काही नाही.

मी मळ्याचं गोदाम पाहून आलो होतो. छपरातून पाणी गळलेलं, भिंतीला पोपडे, दोन पोती खालून ओली. माझं डोकं तिथंच तापलं. हे असलं बी शेतकऱ्याच्या माथी मारणार! त्या तापल्या डोक्यानंच मी तुझ्या खोलीत आलो. तू नव्हतास. मजूर म्हणाला, साहेब वावरात हायेत. मी एक बशी उघडली. दुसरी उघडली. पाच उघडल्या. काळं, हिरवं, राखाडी. दहातल्या दहा दाण्यांवर रान माजलेलं. मी खिशातून कागद काढला, पोत्यांचे नंबर उतरवले, आणि बस धरली.

तो चौथा दिवस होता. आणि मी उघडलेल्या पाचही बशांवर खूण नव्हती.

खूण काय असते हे मला ठाऊक होतं, गेमसिंग. तू सांगितलं होतंस. घाई होती म्हणून विसरलो असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. निळी खूण असलेल्या बशा टेबलाच्या उजव्या अंगाला होत्या, माझ्या हातापासून वीतभर. मी त्या उघडल्या नाहीत, कारण मला हवं ते डाव्या अंगाला मिळालं होतं.

पत्रकाचं नाव होतं 'बियाणं नव्हे, बुरशी!' तीन दिवसांत छापलं, घाटंजीच्या आठवडी बाजारात वाटलं. त्यात मी एक ओळ घातली: मळ्यावर बी तपासणाऱ्या माणसाच्या खोलीतच हे उघड झालं आहे. तुझं नाव लिहिलं नाही. मोठा उपकार केला! त्या मळ्यावर बी तपासणारा दुसरा होता कोण?

चांगलं चाललं पत्रक. माझं इतकं कोणतंच चाललं नव्हतं. लोक हातातून ओढून घ्यायचे. ज्याला वाचता येत नव्हतं तो वाचून घ्यायचा. ज्यांनी मळ्याचं बी नेलं होतं त्यांनी ते बैलांपुढं टाकलं, कोणी शिजवून खाल्लं, आणि पेरणीसाठी किराण्याच्या दुकानातली खायची तूर आणली, कुठून आलेली कोणाला पत्ता नाही. तू सातव्या दिवसाची वही घेऊन गावोगाव फिरलास. धुतलेल्या बशांत मळ्याचं बी जवळपास साफ निघालं होतं. कोणी ऐकेना. छापलेला कागद एकीकडे आणि तू एकीकडे, सायकलवर, हातात वही.

पत्रकानंतर पहिल्यांदा भेटलास तेव्हा तू ओरडलासही नाहीस. एवढंच म्हणालास, "तू कपडे पाह्यले लेका. मानूस पाह्यलाच नाई."

"गोदामात पाणी शिरलं होतं का नव्हतं?" मी म्हणालो.

"शिरलं होतं."

"मग?"

"मंग ते लिहा लागत होतं. गोदामात पानी शिरते, असं लिहा लागत होतं. ते खरं होतं."

मी आवाज चढवला. ते मला येतं.

मग हिवाळा आला. तूर फुलावर आली, आणि शेतंच्या शेतं मर लागून वाळायला लागली. सगळी नाही, ठिगळं ठिगळं. पण तुझ्या तांड्याच्या शिवारात पुष्कळ. आणि मधोमध तुझ्या याडीची तूर, डोक्याएवढी उंच, पिवळ्या फुलांनी लदलेली. तिला वाचता येत नाही. पत्रक तिच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि पोचलं असतं तरी तिनं पोराचं ऐकलं असतं. तिनं मळ्याचं बी पेरलं होतं.

दुसऱ्या कोणत्याही गावात लोकांनी म्हटलं असतं, बघा, मळ्याचं बी चांगलं होतं. पण माझ्या पत्रकानं डोकी आधीच बनवून ठेवली होती. लोक म्हणाले, पाह्य, याला सगळं मालूम होतं. आईले निवडून चांगलं दिलं, आपल्याले सडकं पाठवलं. ज्यांनी दुकानातली तूर पेरली होती तेही हेच म्हणाले. आपल्या हातानं आणलेलं बी वाईट निघालं हे कोण कबूल करतं? तुझ्या याडीच्या बांधावरून जाताना बाया थुंकायच्या. हिरवं पीक उभं असलेल्या बाईला तोंड लपवून पाण्याला जावं लागायचं. तिच्या तुरीचं प्रत्येक फूल तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायचं.

हे तू मला सांगितलं नाहीस. तांड्याचे नाईक भेटले होते घाटंजीच्या बाजारात, त्यांनी सांगितलं. "पोरगं आता घरी येत नाई," म्हणाले. "याडीच जाते मळ्यावर, बाटी-भाकर घेऊन."

तू काय केलंस? दुसरा कोणी असता तर भांडला असता. तू याडीच्या शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या पेरलेल्या दुकानी तुरीतले उरलेले दोन मुठी दाणे मागून आणलेस. शिव्या खाऊन आणलेस. ते धुतलेस, बशांत घातलेस, सात दिवस थांबलास, आणि मला निरोप पाठवलास. मी आलो. याचं मात्र श्रेय घेतो, मी आलो.

"पाह्य," तू म्हणालास.

मी डोळा लावला. एक दाणा, दुसरा, तिसरा. गुलाबी कापूस. डोळ्यातून निघालेला.

"दिसलं?"

"दिसलं."

"मातीतबी असते हा रोग," तू म्हणालास. "बियानंच सारं मेलं, यावर मी सही करनार नाई. तेवढं मले मालूम नाई. पन मळ्याचं बी चांगलं होतं, यावर करतो. तू कर."

"काय करू?"

"दुसरं पत्रक काढ. चार ओळी लिही. माहं नाव नको घालू. तुहं चुकलं म्हनून लिही."

आणि मी काय म्हणालो? जे बोललो ते अक्षरशः लिहितो, म्हणजे पुन्हा सोयीनं विसरायला नको. मी म्हणालो, "आत्ता नाही. आत्ता माघार घेतली तर गोदामवाले मोकळे सुटतात. चळवळीला तोंड दाखवायला जागा राहत नाही. थोडं थांब." तुला थांबायला सांगितलं! चौथ्या दिवशी ज्याच्यानं थांबवलं नाही, त्यानं सातव्या दिवसापर्यंत बसलेल्याला.

मी दामूभाऊंना विचारलंही नव्हतं. चळवळ, तोंड, गोदामवाले, सगळं तोंडाला येईल ते. त्या खोलीत चळवळ नव्हती. तू होतास, मी होतो, आणि एक आखूड पायाचं स्टूल.

वरच्यांनी तुझ्याकडे खुलासा मागितला: तपासणीच्या खोलीत बाहेरचा माणूस शिरलाच कसा? प्रश्न बरोबर होता. तू खुलाशात लिहिलंस, माझी चूक, मी दार उघडं ठेवलं. माझं नाव लिहिलं नाहीस. तुझी दुर्बीण गेली. तुला गोदामात घातलं, बियाण्याला औषधी पावडर लावायच्या ढोलावर. हँडल फिरवायचं, धूळ उडते, पोती भरायची. ज्या डोळ्यांनी तू कापसाचा तंतू टिपायचास त्यांच्या खाली, नाकातोंडाला रुमाल बांधून.

शेवटचे भेटलो ते दिग्रसच्या एसटी स्टँडवर. मी राजूरला निघालो होतो, खाणीतल्या लोकांच्या सभेला, काखेत पत्रकांचा गठ्ठा. तू पुसदच्या गाडीतून उतरलास. वाळला होतास. मी म्हणालो, "काय साहेब, पावडर लावून गोरा होऊन राह्यला का?" तू हसलास. आपण चहा घेतला. तू गठ्ठ्याकडे बोट केलंस.

"कशाचं?"

"खाणीतल्या हवेचं. माणसांची छाती भरून येते धुळीनं."

"उतरला होता खाली?"

"...नाही. सांगितलं लोकांनी."

कप खाली ठेवलास. मग म्हणालास, "माहं ते पत्रक?"

"काढतो," मी म्हणालो. "पेरणीच्या आधी काढतो. शब्द देतो."

"पेरनीच्या आंधी नक्की काढ. याडीले आता सहन होत नाई." तू कधी काही मागायचा नाहीस रे. शाळेत माझी शाई संपली तर दौत पुढं करायचास, तुझी संपली तर शिसपेन्सिलीनं लिहायचास. त्या दिवशी तू दोनदा मागितलंस. माझी गाडी लागली होती. मी पळालो. खिडकीतून पाहिलं तर तू माझ्या कपातला उरलेला चहाही पिऊन टाकत होतास. तेव्हा मला हसू आलं होतं.

पेरणी झाली. पत्रक निघालं नाही. राजूरचं आंदोलन होतं, मग मोर्चा, मग आणखी काही. नेहमी काहीतरी असतंच.

निरोप आला तेव्हा मी राजूरलाच होतो. कावीळ, यवतमाळला नेलंय, एवढंच. वाटलं कावीळ म्हणजे काय, उतरेल. एक सभा उरकून निघालो. एक सभा, गेमसिंग. तिच्यात मी काय बोललो ते आठवत नाही. यवतमाळला पोचलो तर दवाखान्यातून सांगितलं, सकाळी नेलं. तांड्यावर पोचलो तर दगड रचून झालेले.

आणि आता ऐक, माझी चळवळ काय म्हणाली. सभा संपल्यावर दामूभाऊंनी मला बाजूला घेतलं. "पावडर," म्हणाले. "बिनहातमोज्यानं त्या विषात हात घालायला लावले त्याला. पावडरनंच मारला. लिही. असं पत्रक वर्षात एकदा हाती लागतं."

खोटं नाही सांगत, मथळा माझ्या डोक्यात तयारही झाला होता. 'विषारी पावडरचा बळी!' उद्गारचिन्हासकट. तुझ्यासाठी काहीतरी करतोय असं वाटलं, आणि ते इतकं बरं वाटलं की मला माझीच भीती वाटली. पावडर विषारीच आहे. डब्यावर कवटी छापलेली आहे. पण तुझ्याबरोबर ढोलावर दोन माणसं होती, दोघं धडधाकट आहेत. तांड्यावर त्या महिन्यात आणखी एकाला कावीळ झाली होती, त्यानं कधी पावडर पाहिली नाही. डॉक्टर म्हणाले कावीळ, यापुढं त्यांनाही सांगता येईना. मला माहीत नाही. तुला कशानं मारलं, मला माहीत नाही! मी फार तर चौथ्या दिवशी आहे, आणि या बशीचा सातवा दिवस कदाचित कधीच येणार नाही.

मी दामूभाऊंना म्हणालो, "त्या दोघांना हातमोजे मिळाले पाहिजेत, तोंडाला फडकं मिळालं पाहिजे. ते लिहितो, आजच लिहितो. गेमसिंगचं मरण त्यात नाही घालणार."

"तुम्ही थकलात," ते म्हणाले.

"व्हय. थकलो."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेलो, तू मागितलेल्या त्या चार ओळी घेऊन. खिळे जुळवणारा बापूराव माझी अक्षरं वाचून माझ्याकडे बघायला लागला. "हे काय हो? यात शिवी कुठं आहे?"

"नाही."

"उद्गारचिन्हबी नाही?"

"नाही, बापूराव. जुळवा."

ते पत्रक मी घाटंजीच्या बाजारात वाटलं, जिथं पहिलं वाटलं होतं. ओढून घेतलं नाही कोणी. एकानं वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे माह्या बैलानं खाल्लं ते बी चांगलं होतं म्हना की!" भोवतालचे हसले. दुसरा हसला नाही. तो म्हणाला, "आमी त्या पोराले दारातून हाकलून देल्लं होतं. सायकलवर आलता, वही घेऊन." आणि माझ्या हातातून दहा-बारा कागद घेऊन तो चालता झाला. त्याचं नाव विचारायचं सुचलं नाही. कुठल्या गावचा कोण जाणे. सांगण्यासारखं त्या दिवशी तेवढंच घडलं.

तेराव्याला तांड्यावर गेलो. नाईकांनी माणसं बसवली होती. मी उभा राहिलो आणि नुसतं सांगितलं: कोणत्या दिवशी आलो, किती बशा उघडल्या, कोणत्या उघडल्या नाहीत. सभेत मी कधी इतका वाईट बोललो नव्हतो. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "मंग गेमसिंगच्या मायची तूर कशी काय उभी राह्यली?"

"तिनं ते बी पेरलं म्हणून," मी म्हणालो. "तुम्ही फेकलं तेच."

नाईकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बायांच्या बाजूला कोणीतरी रडायला लागलं. ती तुझी याडी नव्हती.

सगळे उठल्यावर मी याडीपाशी गेलो. कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला, मग सुलटा, मग मला परत दिला.

"वाच," म्हणाली.

मी वाचला. वाचायला किती वेळ लागतो चार ओळींना? चुलीवरचं पाणीही तेवढ्यात उकळत नाही. मी थांबलो तरी ती ऐकतच होती. पुढं असेल असं तिला वाटलं.

"आनखी?"

"कांई छेनी, याडी," मी म्हणालो. काही नाही. तुझ्या बोलीतले हे दोन शब्द तेवढे मला येतात.

"यवढंच होतं?"

"एवढंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. समजून घ्यायचं असल्यासारखं.

"मंग याले वरीस कायले लागलं, दौलत?"

मान खाली घातली आणि निघून आलो. ती वाट बघत होती का, माहीत नाही. मागं वळून पाहिलं नाही.

उत्तर तुला देतो. वेळ नव्हता म्हणून नाही. चळवळीसाठी नाही, गोदामवाले सुटतील म्हणूनही नाही. घाटंजीच्या बाजारात लोक मला ओळखायला लागले होते, गेमसिंग. मला ते आवडलं होतं.